रिटा येण्याआधीचे तीन दिवस: ह्यूस्टनच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २००५ मध्ये मेक्सिकोच्या आखातातून टेक्सासच्या दिशेने सरकलेल्या रिटा या चक्रीवादळाचा हिशेब मांडताना एक विचित्र गोष्ट समोर येते. वारा, समुद्राचे उधाण आणि पूर यांमुळे थेट झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या अवघी सात आहे. वादळ किनाऱ्याला लागण्याच्या आधी आणि त्याच्या आसपास, मुख्यतः त्याच्यापासून दूर जाण्याच्या खटाटोपात टेक्सासमध्ये जे जीव गेले, त्यांची संख्या मात्र कोणाच्या गणनेत पन्नासच्या वर, तर कोणाच्या गणनेत शंभराच्या आसपास जाते. ह्यूस्टन महानगरातून आणि त्याच्या परिसरातून त्या तीन दिवसांत बाहेर पडलेल्यांचा अंदाज २५ लाखांपासून ३७ लाखांपर्यंत दिला जातो, आणि अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या स्थलांतरांत त्याची गणना होते. एवढे होऊन वादळाचा केंद्रबिंदू ह्यूस्टनवर आलाच नाही. लोक घाबरले, सगळे एकदम रस्त्यावर आले आणि गोंधळ झाला, असे या घटनेचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे, आणि काही अंशी अन्यायकारकही आहे, असे माझे मत आहे.

या भीतीचे मूळ रिटामध्ये नव्हते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ लुइझियाना आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लिन्सचे पूरतट फुटले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. छपरावर उभे राहून हात हलवणारी माणसे, सुपरडोम या स्टेडियममध्ये अडकलेले हजारो लोक आणि पाण्यावर तरंगणारे मृतदेह ही दृश्ये दूरचित्रवाणीवर दिवसरात्र दाखवली जात होती. ह्यूस्टनचा या संकटाशी असलेला संबंध दूरचित्रवाणीपुरता नव्हता, कारण न्यू ऑर्लिन्सहून बसमधून आणलेल्या हजारो निर्वासितांना याच शहराने ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आसरा दिला होता. शहरातील कित्येकांनी तेथे स्वयंसेवक म्हणून काम केले होते, कपडे वाटले होते, आणि जे वेळेवर निघाले नाहीत त्यांचे काय झाले हे त्यांच्याच तोंडून ऐकले होते. त्यानंतर चार आठवडेही उलटले नसताना आखातात दुसरे वादळ उभे राहिले. अशा वेळी ‘थांबून पाहू’ असे म्हणण्याचा धीर कोणात असणार होता?

रिटाची वाटचालही धीर देणारी नव्हती. १८ सप्टेंबरला, रविवारी, टर्क्स आणि कायकोस बेटांच्या जवळ कमी दाबाचे क्षेत्र म्हणून तिची नोंद झाली. मंगळवारी ती फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरील बेटांच्या खालून आखातात शिरली. तेथील ‘लूप करंट’ या खोल आणि उबदार प्रवाहावरून जाताना तिने इतक्या झपाट्याने जोर धरला की बुधवारी दुपारपर्यंत ती पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचली. त्या रात्री तिच्या केंद्रातील दाब ८९५ मिलिबारपर्यंत उतरला आणि वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९० किलोमीटर झाला. तोवरच्या नोंदींत अटलांटिक खोऱ्यातील ते तिसऱ्या क्रमांकाचे तीव्र चक्रीवादळ ठरले, म्हणजे ऐन भरात असलेल्या कतरिनापेक्षाही तीव्र. त्या वेळचे अंदाज तिचा केंद्रबिंदू ह्यूस्टनच्या आग्नेयेकडील गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या शहराच्या नैऋत्येला कोठेतरी धडकेल असे सांगत होते. उत्तर गोलार्धात वादळाची उजवी बाजू किनाऱ्यावर पाणी लोटते, त्यामुळे तसे झाले असते तर गॅल्व्हेस्टनचा उपसागर उधाणाच्या थेट माऱ्यात सापडला असता. गॅल्व्हेस्टन म्हटले की तेथील माणसाला ८ सप्टेंबर १९०० आठवतो. त्या दिवशीच्या वादळात या बेटावर किमान सहा हजार माणसे मेली, आणि अमेरिकेतील ती आजही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती मानली जाते.

या टप्प्यावर एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळे प्रकरण त्याभोवतीच फिरते. न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली असून पूरतटांच्या भरवशावर उभा आहे. ह्यूस्टन तसे नाही. शहराचा मध्यभाग किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून बऱ्यापैकी उंचावर आहे. आग्नेयेकडील उपसागरालगतच्या वस्त्या, जहाजांच्या कालव्याजवळचा पट्टा आणि अर्थात गॅल्व्हेस्टन बेट येथे उधाणाचे पाणी खरोखरच पोहोचू शकते. पश्चिमेकडील व उत्तरेकडील उपनगरांत मात्र कितीही मोठे चक्रीवादळ आले तरी समुद्र येत नाही. तेथे झाडे पडतात, छपरे उडतात, वीज जाते आणि पावसाचे पाणी साचते. हा धोका लहान नाही, पण त्याला तोंड देण्याची तयारी वेगळी असते आणि तिच्यासाठी शहर सोडावे लागत नाही. अमेरिकेत चक्रीवादळांमुळे थेट झालेल्या मृत्यूंच्या अर्धशतकाच्या नोंदी पाहिल्या तर जवळपास निम्मे मृत्यू उधाणाने झालेले आहेत. पावसाचा पूर आणि खवळलेला समुद्र धरून पाण्याचा एकूण वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो. वाऱ्याचा वाटा किरकोळ आहे. तरीही लोकांच्या मनात वादळाची मोजणी वाऱ्याच्या श्रेणीनेच होते, कारण बातम्यांत तोच आकडा ओरडून सांगितला जातो. त्या काळी चक्रीवादळांची वर्गवारी करणाऱ्या सॅफिर-सिम्पसन श्रेणीत वाऱ्याबरोबर उधाणाच्या अपेक्षित उंचीचाही उल्लेख असे. तो अनेकदा दिशाभूल करतो हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये ही श्रेणी केवळ वाऱ्यापुरती मर्यादित करण्यात आली.

बुधवारी गॅल्व्हेस्टनच्या महापौर लिडा ॲन थॉमस यांनी बेट सोडण्याचा सक्तीचा आदेश दिला आणि ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांच्यासाठी बसची सोय केली. बेटावरचा हा भाग बराचसा सुरळीत पार पडला. ह्यूस्टनचे महापौर बिल व्हाइट आणि ह्यूस्टन ज्या जिल्ह्यात येते त्या हॅरिस काउंटीचे प्रशासकीय प्रमुख रॉबर्ट एकल्स यांनी उधाणाच्या पट्ट्यातील रहिवाशांना, सखल भागात पाणी भरणाऱ्या वस्त्यांना आणि चाकांवरच्या तकलादू घरांत राहणाऱ्यांना निघण्यास सांगितले. योजना कागदावर समंजस होती. किनाऱ्याला सर्वांत जवळच्या पट्ट्याने आधी निघायचे, मग मधल्या आणि शेवटी आतल्या पट्ट्याने, म्हणजे रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने भार येईल. प्रत्यक्षात या पट्ट्यांच्या सीमा सामान्य रहिवाशाला ठाऊक नव्हत्या. आपले घर पट्ट्यात येते की नाही हे शोधायला त्याला नकाशा चाळावा लागत होता, आणि त्या नकाशावरील रेषा त्याच्या गल्लीशी ताडून पाहणे सोपे नव्हते. त्याउलट दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लाल-जांभळा भोवरा सबंध आखात व्यापून बसलेला दिसत होता आणि त्यापुढे काढलेला अंदाजाचा शंकू ह्यूस्टनवरून जात होता. वादळाचा केंद्रबिंदू साधारण तीनपैकी दोन वेळा ज्या पट्ट्यात राहतो तो पट्टा म्हणजे हा शंकू. शंकूत आलेल्या प्रत्येक घराला सारखाच धोका आहे असे तो सांगत नाही, आणि त्याच्या बाहेरच्या घराला धोका नाही असेही सांगत नाही. पण बुधवारी रात्री घरात बसलेल्या कुटुंबाला हे कोण समजावणार होते?

म्हणून ज्यांना निघायची गरज होती त्यांच्याबरोबर ज्यांना ती नव्हती तेही निघाले, आणि कित्येक जण त्यांच्या आधी निघाले. आदेश नसलेल्या भागातून होणाऱ्या अशा बाहेर पडण्याला आपत्ती व्यवस्थापनात छाया-स्थलांतर म्हणतात. कोणतीही योजना त्याचा थोडाफार हिशेब धरते, पण ह्यूस्टनमध्ये छायाच मूळ वस्तूहून मोठी झाली. त्यात एकेका घरातून दोन-दोन, तीन-तीन गाड्या निघाल्या, कारण गाडी मागे सोडली तर पाण्यात जाईल ही भीती होती. पाळीव प्राणी, कागदपत्रे, अल्बम, कधी बोटी आणि ट्रेलरही सोबत होते. कुटुंबाच्या पातळीवर पाहिले तर यातला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटतो, आणि मला तो तसाच वाटतो.

गुरुवारी पहाटेपासून महामार्ग थिजले. डॅलसकडे जाणारा आंतरराज्य मार्ग ४५, सॅन अँटोनियोकडे जाणारा मार्ग १० आणि ऑस्टिनच्या दिशेचा मार्ग २९० यांवर वाहनांच्या रांगा लागल्या. मार्ग ४५ वरील रांग सुमारे १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचे सांगितले जाते. एरवी चार तासांत पार होणाऱ्या डॅलसच्या प्रवासाला अनेकांना चोवीस तासांहून अधिक लागले. त्या दिवशी पारा ३७-३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होता. पेट्रोल पुरावे म्हणून लोकांनी गाड्यांचे एअर कंडिशनर बंद केले, खिडक्या उघडल्या, उतारावर इंजिन बंद करून गाड्या ढकलल्या, आणि तरीही शेकडो गाड्या टाकी रिकामी होऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, ज्यामुळे मागच्यांचा वेग आणखी घटला. वाटेतले पंप कोरडे झाले होते. पंपांना पेट्रोल पोहोचवणारे टँकरही त्याच रांगेत अडकले होते, हा यातला सर्वांत चपखल तपशील आहे. याच काळात शहराकडे येणाऱ्या मार्गिका जवळजवळ रिकाम्या होत्या. विरुद्ध दिशेच्या मार्गिका बाहेर जाणाऱ्यांसाठी खुल्या करण्याची व्यवस्था आधीपासून तयार नव्हती. गुरुवारी ती घाईघाईने करण्याचे ठरले तेव्हा प्रत्येक चढमार्ग बंद करणे, पोलीस उभे करणे, समोरून येणारी वाहने पूर्णपणे थांबवणे यांत कित्येक तास गेले. मार्ग ४५ आणि मार्ग १० वर ती अखेर सुरू झाली. मार्ग २९० वर तिची घोषणा झाली आणि मग ती रद्द करण्यात आली.

या रांगांत ज्यांचे जीव गेले ते बहुतांश वृद्ध, आजारी आणि आधीच अशक्त असलेले लोक होते. उष्म्याने शरीराचे तापमान वाढणे, पाणी न मिळणे, औषधाची वेळ चुकणे, बसून बसून हृदयावर आलेला ताण ही कारणे होती. यांतील एक घटना जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तयारी या शब्दात किती बारीक गोष्टी येतात हे ती दाखवते.

ह्यूस्टनजवळच्या बेलेअर येथील एका वृद्धनिवासातील रहिवासी आणि त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी असे ४४ जण गुरुवारी एका भाड्याच्या बसने डॅलसकडे निघाले. बरेच जण स्वतःच्या पायांनी चालू शकत नव्हते, आणि काहींच्या सोबत ऑक्सिजनची नळकांडी होती. एव्हाना या निवासाने थांबावे की निघावे, हा प्रश्न सोपा राहिला नव्हता. कतरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्सलगतच्या सेंट बर्नार्ड पॅरिशमधील (पॅरिश म्हणजे लुइझियानातील जिल्हा) एका वृद्धाश्रमाने रहिवाशांना हलवले नव्हते आणि तेथे ३५ जण बुडून मेले होते. ती बातमी ताजी होती. बस रात्रभर रखडत पुढे सरकत राहिली. वाटेत उजव्या बाजूचे मागचे एक टायर बदलावे लागले. शुक्रवारी पहाटे सहाच्या सुमारास, डॅलस अगदी जवळ आले असताना, विल्मर गावापाशी शेजारून जाणाऱ्या एका वाहनचालकाला बसच्या उजव्या मागच्या चाकाचा तुंबा लालभडक तापलेला दिसला आणि त्याने बसचालकाला खुणावले. बस कडेला थांबली तोवर चाकातून आग आत शिरली होती. धूर भरला, ऑक्सिजनच्या नळकांड्यांनी आगीला जोर दिला, आणि ज्यांना उचलून खाली उतरवावे लागणार होते अशा किती जणांना एका अरुंद दारातून काढता येणार होते? २३ जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात या चाकाच्या बेअरिंगमध्ये पुरेसे ग्रीस नसल्याचे आणि बसची देखभाल नीट झाली नसल्याचे आढळले. एवढे मोठे वादळ, एवढे मोठे महानगर, आणि मृत्यू कोठून आला, तर कोरड्या पडलेल्या एका बेअरिंगमधून.

वृद्धाश्रमांबाबत त्यानंतर झालेल्या अभ्यासांत एक अप्रिय गोष्ट वारंवार दिसून आली आहे. गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांना वादळाच्या धाकाने हलवल्यास पुढील काही आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण वाढते. म्हणजे स्थलांतर हे त्यांच्यासाठी स्वतःच एक संकट असते. याचा अर्थ त्यांना कधीच हलवू नये असा नाही. पाणी पोहोचणार असेल तर हलवलेच पाहिजे. पण पाणी पोहोचणार नसेल तर राहण्याची तयारी करावी लागते, आणि तीही खर्चिक असते. २०१७ च्या इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील हॉलीवूड शहरात एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा वीज गेल्याने बंद पडली आणि उकाड्यात १२ जण मेले. त्यानंतर फ्लोरिडाने अशा संस्थांना पर्यायी विजेवर किमान चार दिवस गारवा टिकवता येईल अशी व्यवस्था सक्तीची केली. ‘आम्ही येथेच थांबतो’ हा निर्णय जनरेटर, डिझेल आणि ते चालवता येणारा माणूस यांच्याशिवाय निर्णय ठरत नाही.

गुरुवारी वाहतूक तुंबलेली असतानाच रिटाने उत्तरेकडे वळण घ्यायला सुरुवात केली आणि अंदाज ईशान्येकडे सरकू लागले. प्रशासनाने उरलेल्यांना घरीच थांबण्याचे आवाहन केले. तिचा जोरही ओसरत होता. शनिवारी, २४ सप्टेंबरला, पहाटे अडीचच्या सुमारास ती टेक्सास-लुइझियाना सीमेजवळ, सबीन पासच्या पूर्वेला तिसऱ्या श्रेणीत किनाऱ्याला लागली. गॅल्व्हेस्टनपासून ते ठिकाण शंभरेक किलोमीटर दूर आहे. तीन दिवस आधीच्या अंदाजात तेवढी तफावत तेव्हा अगदी सर्वसामान्य होती, म्हणून वेधशाळेचा अंदाज चुकला असे म्हणणे योग्य नाही. आपण अंदाजातील मधल्या रेषेकडे पाहतो आणि तिच्या दोन्ही बाजूंची रुंदी विसरतो, एवढेच.

वादळ प्रत्यक्ष जेथे धडकले त्या लुइझियानातील कॅमेरॉन पॅरिशची हकीकत या प्रकरणात क्वचितच सांगितली जाते, आणि माझ्या मते तिच्याशिवाय हे प्रकरण अर्धे राहते. २७ जून १९५७ रोजी याच भागावर ऑड्री चक्रीवादळ आले होते. आदल्या रात्री लोकांनी इशारा ऐकला होता, पण सकाळी उठून निघू असे ठरवून ते झोपले. वादळाने रात्रीत वेग घेतला आणि पहाटे जाग येईपर्यंत पाणी दारात होते. चारशेहून अधिक माणसे मेली. रिटाच्या वेळी कॅमेरॉनमध्ये साडेचार मीटरच्या आसपास उधाण आले आणि गावेच्या गावे पायापासून उखडली गेली, पण १९५७ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण जवळपास सगळे आधीच निघून गेले होते. लोकसंख्या थोडी होती आणि रस्ते मोकळे होते, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची भीती त्यांच्याच जमिनीवरची होती. आपल्या घराशी पाणी कोठवर येते हे त्यांना आजी-आजोबांकडून माहीत होते. ह्यूस्टनने मात्र न्यू ऑर्लिन्सची भीती उसनी घेतली होती. दोन्ही ठिकाणी लोक सारख्याच निष्ठेने घाबरले, पण एका ठिकाणी ती भीती जागेला बरोबर लागू पडत होती आणि दुसऱ्या ठिकाणी शहराच्या मोठ्या भागाला ती लागू पडतच नव्हती. म्हणून लोकांनी कमी घाबरायला हवे होते, हा निष्कर्ष मला पटत नाही. ज्या प्रश्नाने घाबरायचे तो प्रश्नच त्यांच्या हाती दिला गेला नव्हता. ‘वादळ किती मोठे आहे’ याचे उत्तर त्यांना दर तासाला मिळत होते. ‘माझ्या घरात समुद्र येईल का’ याचे उत्तर देणारा कोणी नव्हता.

रिटानंतर टेक्सासने केलेले बदल मुख्यतः याच उणिवेवर होते. उधाणाचे पट्टे पिनकोडशी जोडले गेले. पत्र येते तो आकडा प्रत्येकाला पाठ असतो, त्यामुळे आपण कोणत्या पट्ट्यात आहोत हे विचारायला नकाशा लागत नाही. महामार्गांच्या कडेची पट्टी स्थलांतराच्या वेळी जादा मार्गिका म्हणून वापरता येईल अशी आखण्यात आली, विरुद्ध दिशेच्या मार्गिका खुल्या करण्याचे आराखडे आधीच तयार ठेवले गेले, आणि इंधनाच्या पुरवठ्याची जबाबदारी ठरवली गेली. लोकांना सांगायचा मंत्रही सुटसुटीत झाला: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. त्यातला दुसरा तितकाच उपयोगी भाग असा की पळताना शेकडो किलोमीटर जायची गरज नसते. उधाणाच्या पट्ट्याबाहेर, काही दहा किलोमीटरवर, मजबूत घरात ओळखीचे कोणी असेल तर तेवढे पुरते. डॅलसला पोहोचायचा हट्ट धरला नसता तर रिटाच्या वेळी कितीतरी गाड्या दोन तासांत मुक्कामी लागल्या असत्या.

तीन वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, आइक वादळ नेमके गॅल्व्हेस्टनवर आले आणि या व्यवस्थेची परीक्षा झाली. काउंटीचे तत्कालीन प्रमुख एड एमेट यांनी ठरावीक पिनकोडना निघण्यास आणि बाकीच्यांना निक्षून घरीच थांबण्यास सांगितले. महामार्ग वाहते राहिले. बेटावर मात्र श्रेणीच्या आकड्याने पुन्हा घात केला. आइक दुसऱ्या श्रेणीचे होते, म्हणून बरेच जण मागे थांबले; पण त्याचा विस्तार इतका प्रचंड होता की उधाण श्रेणीच्या मानाने फार मोठे आले आणि शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरील वस्ती धुऊन गेली. राष्ट्रीय हवामान सेवेने आधीच दिलेल्या इशाऱ्यात, आदेश न मानता किनाऱ्यालगतच्या एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांना मृत्यू निश्चित आहे, असे शब्द वापरले होते.

२०१७ च्या हार्वी वादळात धडा उलटा बसला, असे काही जण म्हणतात. २५ ऑगस्टला ते ह्यूस्टनच्या नैऋत्येला रॉकपोर्टजवळ चौथ्या श्रेणीत धडकले आणि मग जवळपास जागच्या जागी रेंगाळत राहिले. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ह्यूस्टनवासीयांनी बाहेर पडण्याचा विचार करावा असे सुचवले, तर महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी लाखो लोकांना रस्त्यावर आणणे अधिक धोक्याचे ठरेल असे सांगून स्थलांतराचा आदेश दिला नाही. त्यामागे रिटाची आठवण उघडच होती. त्यानंतरच्या पावसाने टेक्सासमधील नेडरलँड गावी १,५०० मिलिमीटरचा टप्पा ओलांडला. टेक्सासमध्ये थेट झालेल्या ६८ मृत्यूंपैकी ६५ पावसाच्या पुराने झाले, आणि त्यांतले बरेच जण वाहनांत होते. म्हणूनच आदेश न देण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो: पाणी चढत असताना रस्त्यांवर आणखी लाखो वाहने असती तर हा आकडा कोठे गेला असता याची कल्पनाही नको. चूक वेगळ्या ठिकाणी होती. पिनकोडचे पट्टे समुद्राच्या पाण्यासाठी आखलेले होते, आणि या वेळी पाणी आकाशातून आले. शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही पूरनियंत्रणासाठी १९४० च्या दशकात बांधलेली धरणे आहेत. ती भरल्यावर पाणी जेथवर पसरणे अपेक्षित होते त्या जमिनीवर पुढे घरे उभी राहिली होती, आणि घर घेताना हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते अशी तेथील कित्येकांची तक्रार होती. २८ ऑगस्टला पाणी सोडावे लागले तेव्हा धरणाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंच्या वस्त्या बुडाल्या. समुद्राच्या दृष्टीने ती घरे पूर्ण सुरक्षित होती.

त्या शहरात राहणाऱ्या कुटुंबाला वादळाची चिंता वाटत असेल तर तिचे काम वादळ आखातात दिसण्याच्या आधीच व्हायला हवे, असे या सगळ्यावरून म्हणता येते. घराचा पिनकोड कोणत्या पट्ट्यात आहे, शेजारचा ओढा किंवा कालवा किती पावसात पात्र सोडतो, वर एखादे धरण आहे का, घर चाकांवरचे आहे की पक्के, घरात विजेवर चालणारे श्वसनयंत्र आहे का, अशा मोजक्या प्रश्नांची उत्तरे वर्षभर बदलत नाहीत. १ जूनला हंगाम सुरू होण्याआधी ती हाताशी असली की ऐनवेळी फक्त एवढेच ठरवायचे उरते की आज निघायचे की आज खिडक्यांवर प्लायवूड ठोकायचे. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्याची सवय अजून दिसते, तिचा काही उपयोग नाही. उलट काच फुटली तर मोठे तुकडे उडतात. माणशी रोजी चार लिटर पाणी, औषधांचा किमान आठवड्याचा साठा, कागदपत्रांची पिशवी आणि गाडीची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ न देणे ही तयारी राहणाऱ्याला आणि निघणाऱ्याला सारखीच लागते. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नये, हे दर वादळानंतर नव्याने सांगावे लागते, कारण दर वादळानंतर कार्बन मोनॉक्साइडने कोणीतरी मरतेच.

राहणाऱ्यांच्या तयारीची कसोटी ८ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने घेतली. सुरुवातीचे अंदाज मेक्सिकोच्या सीमेकडे बोट दाखवत होते. ते सरकत सरकत टेक्सासच्या किनाऱ्यावरील माटागोर्डाजवळ आले, आणि पहिल्या श्रेणीचे वादळ म्हणून फारशी काळजी कोणी केली नाही. ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले, कित्येक घरांत आठवडाभर वीज आली नाही, आणि जुलैच्या उकाड्यात बंद घरांमध्ये माणसे दगावली. ज्यांना ऑक्सिजन यंत्र लागते, ज्यांचे डायलिसिस चालू आहे किंवा ज्यांना उचलून हलवावे लागते, त्यांच्यासाठी टेक्सास सरकारने एक नोंदणी ठेवली आहे. २११ या क्रमांकावर फोन करून नाव घालता येते. ही नोंद दरवर्षी नव्याने करावी लागते आणि ती केल्याने मदत येईलच अशी हमी मिळत नाही, हे तेथे स्पष्ट सांगितलेले असते. त्यामुळे अशा माणसाच्या घरच्यांनी नाव नोंदवूनही, वीज असलेल्या दुसऱ्या एखाद्या घराशी बोलणे मे महिन्यातच करून ठेवावे आणि वादळाची श्रेणी कळण्याची वाट न पाहता, रस्ते रिकामे असताना, त्याला तेथे पोहोचवावे.